गार्ड वर, काकू!

पुण्यात भांडणाला वेळ लागतो. नळस्टॉपच्या चौकात दोन दुचाक्या एकमेकींना पुसटशा टेकल्या, तरी दोन्ही चालक आधी गाड्या बाजूला घेतात, स्टँडला लावतात, हेल्मेट असलंच तर काढून आरशाला अडकवतात आणि मग सुरुवात करतात. "शिकलेले दिसता, तरी..." हे पहिलं वाक्य. "शिक्षण काढायचं काम नाही," हे दुसरं. तिथून पुढे लायसन्स कुठून मिळवलं, मूळ गाव कोणतं, या वयात हे शोभतं का, अशा पायऱ्या चढत मंडळी "हात लावून दाखवा" इथवर पोचतात. तिथे जरा थांबतात, चौफेर बघतात आणि उतरायला लागतात. हात कोणी लावत नाही. दोघांमधलं दीड हाताचं अंतर पहिल्या वाक्यापासून शेवटच्या "बघून घेईन"पर्यंत कायम असतं.

हल्ली पेपरात कोयत्यांच्या बातम्या असतात आणि त्या वाचून बाहेरगावच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन येतात. तेही पुणं आहे, नाही कशाला म्हणू. पण मी ज्या पुण्यात वाढले तिथे जिभेला धार लावायचं शिक्षण घरोघरी फुकट मिळे आणि हात तेवढे आवरायला शिकवलं जाई. मुलींना तर पायही. अशा घरातल्या बाईनं सत्तेचाळिसाव्या वर्षी किकबॉक्सिंगच्या क्लासला नाव घातलं तर काय काय होतं, ते सांगते.

कारण अगदीच रटाळ आहे. रक्तातली साखर. रिपोर्टवर एचबीए1सी 6.1 आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून मधुमेह नाही, पण सीमेवर आहात. 6.5 ला आपण त्याला मधुमेह म्हणतो. चालायला लागा." पुण्यात चालायचं म्हणजे टेकडी. पहाटे हनुमान टेकडीवर गेलं की कळतं, इथे चालायला कोणी आलेलं नाही, इथे अधिवेशन भरलेलं आहे. मुद्दा महत्त्वाचा आला की बोलणारा थांबतो, बोलणारा थांबला की ऐकणारे थांबतात, आणि बिनमहत्त्वाचा मुद्दा पुण्यात कोणी मांडत नाही. उतरल्यावर इडली-सांबार. पुढच्या रिपोर्टात आकडा तसूभर हलला नव्हता, फक्त माझी राजकारणाबद्दलची मतं पक्की झाली होती.

अशात एकदा नळाचा वॉशर आणायला कर्वेनगरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. वरून धप्‌ धप्‌ आवाज येत होते. दुकानदारानं छताकडे न बघताच सांगितलं, "किकबॉक्सिंग. आमचं फॉल्स सीलिंग दोनदा झालं करून." त्याच्या आवाजात तक्रार होती, पण मला मात्र तो आवाज फार आवडला. एवढा आवाज करायचा आणि वर त्याला व्यायाम म्हणायचं, ही सोय टेकडीवर नव्हती. मी जिना चढले.

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "घरी काय कमी आहे?" हा विनोद त्या आठवड्यात मला सोसायटीतल्या यच्चयावत पुरुषांनी ऐकवला, प्रत्येकानं स्वतंत्रपणे आणि स्वतःचा म्हणून. चौथ्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले आणि "आता तुमच्याशी जपून बोलायला हवं हं, वहिनी," म्हणाले. पार्किंगच्या वादात हेच काका माझ्याशी कसे बोलले होते ते आठवून मी नुसती हसले. सासूबाईंनी मात्र चहाचा घोट घेत वेगळंच सांगितलं. "लग्नाआधी शिकली असतीस तर कामाला आलं असतं." कोणाविरुद्ध, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. मीही विचारलं नाही.

मग खरेदी. पेठेतल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात मी ग्लोव्ह्ज मागितले.

"कितव्या वर्षाचा आहे मुलगा?"

"मुलाला नकोत. मला हवेत."

दुकानदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्हाला?"

"हो. बारा औंसाचे."

"आधी आठवडाभर जाऊन या. मग घ्या."

"अहो, मी पैसे देतेय."

"तेच म्हणतोय. परत घेत नाही आम्ही. जानेवारीत अशी बरीच गिऱ्हाइकं येतात." शेवटी त्यांनी मला फक्त हाताला गुंडाळायच्या पट्ट्या विकल्या आणि ग्लोव्ह्जसाठी पुढच्या सोमवारी बोलावलं. गिऱ्हाइकाला माल न विकता त्याचं भलं करण्याची ही परंपरा पुण्याबाहेर कोणाला कळत नाही.

या पट्ट्यांना हँडरॅप्स म्हणतात आणि त्या साडेचार मीटर लांब असतात. एका हाताला. दोन हातांच्या मिळून नऊ मीटर. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे माझी आजी जेवढ्या कापडात लग्नं, बाळंतपणं, सोवळं-ओवळं आणि विहिरीचं पाणी असं सगळं निभावत होती, त्याहून जास्त कापड मला नुसत्या मुठी वळायला लागतं. गुंडाळायची पद्धतही सोपी नाही: अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या पेरांवर तीन, मग प्रत्येक दोन बोटांच्या मधून एकेक फेरा आणि उरलेलं पुन्हा मनगटावर. हाताची हाडं बारीक आणि बरीच असतात, ती एकत्र बांधली जावीत, ठोसा बसताना मनगट वळू नये, हा हेतू. एक हात गुंडाळून झाला की दुसरा हात गुंडाळायला गुंडाळलेला हातच वापरावा लागतो, यात खरी गंमत आहे. पहिल्या दिवशी माझं हे सगळं होईपर्यंत बाकीच्यांचा वॉर्मअप संपला होता. हा फायदा मी पुढे जाणूनबुजून घेत राहिले.

हॉल साधाच आहे. सकाळी तिथे योगासनं होतात, दुपारी एक भिशी भरते, संध्याकाळी आम्ही. एका भिंतीला आरसे, छताला साखळीनं टांगलेल्या तीन बॅगा आणि दारात, अर्थातच, पाटी: "चपला बाहेर काढाव्यात. ग्लोव्ह्ज घरी वाळवून आणावेत. वासाची जबाबदारी ज्याची त्याची." तिसरं वाक्य नंतर, वेगळ्या शाईनं लिहिलेलं आहे. त्यामागे काही घटना असणार. ग्लोव्ह्जच्या आत जे तयार होतं त्याला वास हा शब्द अपुरा आहे, हे मला यथावकाश कळलं. उपाय म्हणून रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. कोणतं वर्तमानपत्र जास्त शोषून घेतं, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

सर वयानं माझ्या भाच्याएवढे. मी त्यांना सर म्हणते. ते मला सुरुवातीला मॅडम म्हणत. पण "मॅडम, जरा हात वर घेता का?" हे वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याचा ठोसा येऊन पोचलेला असतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून नुसतं, "गार्ड वर, काकू!"

गार्ड म्हणजे दोन्ही मुठी गालाशी, कोपरं बरगड्यांशी, हनुवटी खाली. डावा पाय पुढे, उजवा मागे, मागची टाच किंचित उचललेली. ऐकायला यात काही नाही. पण हनुवटी खाली घालून उभं राहणं हे पुणेरी मानेला मुळातच मान्य नाही. मी बोलायला लागले की हनुवटी वर, आणि हात समजावून सांगण्यासाठी मोकळे. सर म्हणत, "काकू, एवढ्यात तुम्हाला तीन बसल्या असत्या."

ठोशांना आकडे असतात. एक म्हणजे जॅब, पुढच्या हातानं सरळ. दोन म्हणजे क्रॉस, मागच्या हातानं. तीन म्हणजे पुढच्या हाताचा हूक, चार मागच्या हाताचा, पाच-सहा अपरकट. सर नुसते आकडे ओरडतात आणि आपण ते मारायचे. आमच्या बॅचमधले आयटीतले दोघे तरुण "वन-टू-थ्री-टू" ऐकताच सुटतात. मी आधी मनात उजळणी करते. तोवर पुढचा आकडा येतो आणि हिशेब चुकतो. सरांचा सगळ्यात मोठा आग्रह म्हणजे गेलेला हात त्याच वाटेनं गालाशी परत आला पाहिजे. माझा हात समोर गेला की तिथेच रेंगाळे. शेवटी ते म्हणाले, "काकू, पुस्तक उसनं दिल्यासारखं समजा. दिलं की लगेच मागून घ्यायचं." हे मात्र मला तत्काळ कळलं. दिलेली आणि परत न आलेली पुस्तकं डोळ्यांपुढे आली आणि हात आपोआप मागे यायला लागला.

बॅचमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. वय साठीच्या पुढे, रक्तदाब आटोक्यात, जिज्ञासा अजिबात आटोक्यात नाही. प्रत्येक नव्या प्रकाराला त्यांचा प्रश्न ठरलेला: "सर, याच्यामागचं शास्त्र काय?" सर बिचारे सांगतात. ठोशाचा जोर दंडातून येत नाही, तो जमिनीतून येतो. मागची टाच वळते, तिच्यामागून कंबर, कंबरेमागून खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. हे ऐकून काका समाधानानं मान हलवतात आणि जागच्या जागी दंडानंच ठोसा मारतात.

शास्त्र संपलं की इतिहास. "हे किकबॉक्सिंग वगैरे आपल्याला नवीन नाही," काका म्हणतात, "आपल्याकडे सगळं आधीपासून होतं."

इथे मला एरवी हसू येतं, पण काका तसे अगदीच हवेत बोलत नव्हते. पुण्यात शरीर कमवायची हौस जुनी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला. गंज पेठेतल्या लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, वासुदेव बळवंत फडकेही त्यांच्याकडे शिकले. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला दिलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आज एखाद्या मुलानं हे केलं तर त्याचे पालक समुपदेशकाकडे जातील. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आत्ताचं म्हणाल तर आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट याच शहरात आहे, तिथे बॉक्सर घडवले जातात. 2008 साली बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या, त्यात बॉक्सिंग होतं. आम्ही तेव्हा त्या स्पर्धांच्या निमित्तानं झालेल्या रस्त्यांबद्दल बोलत होतो.

पेठांमध्ये पावलोपावली तालमी होत्या. आता तालीम म्हटलं की पुणेकराला गणपती आठवतो. मानाच्या तिसऱ्या गणपतीचं नावच गुरुजी तालीम. आखाड्यातली माती पातळ होत गेली आणि मांडव मोठे होत गेले. आणि एक गोष्ट काका सांगत नाहीत ती मी सांगते: त्या आखाड्यांत माझ्या आजीला कोणी पाऊल ठेवू दिलं नसतं. बाईला ठोसा मारायला शिकवणारी, फी घेऊन, पावती देऊन, अशी जागा माझ्या घराजवळ आहे ती या हार्डवेअरच्या दुकानाच्या डोक्यावर. त्यामुळे "आपल्याकडे सगळं होतं" यातलं "आपल्याकडे" म्हणजे नेमकं कोणाकडे, असं मी काकांना विचारलं. काका विचारात पडले आणि सरांनी संधी साधली. "काका, गार्ड वर!"

तसा हा खेळ कोणाच्याच घरचा धड नाही. 1960 च्या दशकात जपानमध्ये कराटेवाले थायलंडच्या मुय थाईशी भिडले, त्यातून ओसामू नोगुची नावाच्या बॉक्सिंगच्या प्रमोटरनं हा प्रकार उभा केला आणि किकबॉक्सिंग हे नावही त्याचंच. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कराटेवाल्यांनी आपली वेगळी चूल मांडली. 1976 मध्ये 'वाको' ही जागतिक संघटना झाली आणि 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं तिला पूर्ण मान्यता दिली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ अजून नाही. वाकोच्या प्रकारांमध्ये 'पॉइंट फायटिंग' म्हणून एक आहे: एखादा फटका नीट बसला की लगेच लढत थांबवतात, पंच गुण देतात, मग पुन्हा सुरू. ठोशाला एक गुण, डोक्याला लाथ बसली तर दोन, उडी मारून डोक्याला बसली तर तीन. प्रत्येक फटक्यानंतर थांबून तो बसला की नाही यावर निर्णय करायचा! असा खेळ पुण्यानं शोधला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता प्रत्यक्ष मारण्याकडे येते. माझी जोडी लावली एका कॉलेजच्या मुलीशी. एकोणीस वर्षांची, काटकुळी. तिनं हातात पॅड धरले आणि म्हणाली, "मारा, काकू." मी मारलं. आणि दोन्ही हात खाली सोडून विचारलं, "लागलं का गं?"

"काकू, पॅडला लागलं."

पुन्हा मारलं. "सॉरी हं."

"सॉरी नका म्हणू. जोरात मारा."

हे मला महिनाभर जमेना. शिव्या देणं सोपं, टोमणा मारणं तर हातचा मळ. पण समोरच्या माणसाच्या दिशेनं मूठ नेताना कोपर अर्ध्या वाटेत मऊ पडे. आमच्या बॅचमधल्या सगळ्या बायकांचं हेच. आयटीतल्या मुलांना हा प्रश्नच नव्हता, ते पहिल्या दिवसापासून बॅगेवर तुटून पडत होते. त्यांचे मॅनेजर कोण, हे न विचारताही कळत होतं. मग त्या मुलीनं युक्ती केली. पॅड वर धरून ती म्हणाली, "काकू, तुमच्या सोसायटीचं पार्किंग." तो ठोसा बसल्यावर ती दोन पावलं मागे गेली आणि सरांनी वळून बघितलं.

लाथेची कथा वेगळी. राउंडहाउस किक पायाच्या पंजानं नाही, नडगीनं मारायची असते. ज्या पायावर उभे आहोत त्याची टाच समोरच्याच्या दिशेनं वळली पाहिजे, तरच कंबर उघडते आणि पाय वर जातो. टाच वळली नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि या वयात गुडघा ही गमतीची गोष्ट नाही. आयटीवाल्यांची कंबर उघडेना. दिवसाचे दहा तास खुर्चीत काढलेली कंबर ती, चावी लावली तरी उघडायची नाही. पाय वर जाई तो गुडघ्यापर्यंत आणि तोंड उघडे ते कानापर्यंत.

इथे आमच्या बॅचमधल्या दोघी पुढे आल्या. दोघी पन्नाशीच्या, शेजारच्या सोसायटीतल्या, आणि दोघी मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये. श्रावणात त्यांना मंगळवारी मोकळा श्वास नसतो, ऑर्डरी असतात. फुगडी, बसफुगडी, पिंगा, कोंबडा, असा दोन-अडीच तासांचा कार्यक्रम, तोही नऊवारी नेसून आणि वर गाणं म्हणत. सरांनी टाच वळवायला सांगितली तशी त्यातल्या एकीनं पिंग्याला वळावी तशी वळवली आणि तिची नडगी बॅगेवर अशी काही बसली की खालून दुकानदाराचा आवाज आला. मग सरांनी उकिडवं बसून उड्या मारायला लावल्या. आयटीतली मुलं विसाव्या उडीला भिंतीला टेकली. या दोघी गप्पा मारत उड्या मारत होत्या. "हा तर कोंबडाच," एक म्हणाली, "आणि गाणंसुद्धा म्हणायचं नाहीये." श्रावणी मंगळवारी रात्रभर जागून घराघरांत बायका काय करत होत्या, हे त्या दिवशी सरांना आणि मला एकदमच कळलं.

मधल्या काळात एक मुंज आली. पॅड धरताना माझ्या दंडावर एक चांगला थोरला वळ उठला होता, निळा, कडेनं पिवळसर. बाह्या आखूड. मंगल कार्यालयात अक्षता झाल्यावर नवऱ्याच्या मावशींनी मला खांबाआड ओढलं. "काय गं हे?"

"क्लासमध्ये लागलं."

"कसला क्लास?"

"किकबॉक्सिंगचा."

मावशींनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. असली कारणं त्यांनी आयुष्यात बरीच ऐकली असणार: न्हाणीघरात पाय घसरला, कपाटाचं दार लागलं. त्यामानानं माझं कारण फारच कच्चं होतं. "मला सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना? मी आहे हो." पंगतीत त्या माझ्या नवऱ्याच्या बरोबर समोर बसल्या आणि मठ्ठ्यापासून जिलबीपर्यंत त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नाही. त्यानं दुसऱ्यांदा जिलबी घेतली तेव्हा तर फारच. शेवटी बिचारा ताटावरून उठला आणि पंगतीत फिरून प्रत्येकाला फोनमधला माझा व्हिडिओ दाखवायला लागला. "ही बघा, ही. ही मारतेय." आतापर्यंत माझ्या क्लासला जो हसत होता, तो त्या दिवसापासून क्लासचा जाहिरातप्रमुख झाला. मावशींचं मात्र मला मनापासून कौतुक वाटलं. मुंजीच्या घाईत खांबाआड नेऊन विचारणारं माणूस प्रत्येक बाईच्या नात्यात असावं.

आणि मग स्पारिंग. म्हणजे एकमेकांना खरोखर मारायचं, पण हलक्या हातानं. त्यासाठी डोक्याला हेडगार्ड, नडगीला शिनगार्ड आणि दातांना माउथगार्ड. हा माउथगार्ड आधी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मऊ करायचा आणि लगेच चावून आपल्या दातांचा साचा घ्यायचा. सासूबाईंनी गॅसवर चहाचं पातेलं आणि त्यात तरंगणारं ते निळं रबर बघितलं. काही बोलल्या नाहीत. ते पातेलं मात्र चहातून कायमचं बाद झालं.

माउथगार्ड घातला की बोलता येत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सरांनी "फाइट" म्हटलं, मी तोंड उघडलं आणि "हं हं हं" एवढंच बाहेर आलं. दोन मिनिटांचा राउंड. हौशी स्पर्धांमध्ये असे तीन असतात, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. दोन मिनिटं समोरचा माणूस तुमच्याकडे येतोय, आणि तुम्ही त्याला शिक्षण, गाव, वय काहीएक विचारू शकत नाही! सत्तेचाळीस वर्षं जमवलेला सगळा दारूगोळा जबड्याच्या आत रबराखाली अडकून पडला. ती पोरगी मात्र खुशाल फिरत होती, हलत होती, बघत होती. मी अंतर राखलं. ते माझ्या रक्तातच आहे; नळस्टॉपच्या चौकातलं दीड हात. सर ओरडले, "काकू, डिस्टन्स मस्त आहे! आता जवळ जा!" तिथेच तर घोडं अडलं. जवळ जाण्याचा पुण्यात सराव कुठे असतो?

तरी गेले. जॅब टाकला, तो तिच्या ग्लोव्हवर बसला. मनात एवढी खूश झाले की हात परत आणायचा राहिला, आणि तिची मूठ माझ्या नाकावर येऊन टेकली. दुखलं फारसं नाही. पण अपमान असा झाला की काय सांगू. मला मारलं? इयत्ता चौथीतल्या बाईंच्या पट्टीनंतर मला कोणी मारलं नव्हतं. आणि नाकाला धक्का बसला की डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, शरीराची ती प्रतिक्रिया आहे, तिचा मनाशी संबंध नाही. हे मला माहीत होतं, बॅचला नव्हतं. अख्खा क्लास थांबला. मंगळागौरवाली एक पाण्याची बाटली घेऊन आली, दुसरी गुळाचा खडा. आयटीतला एक जण "मॅम, इट्स ओके" म्हणाला. ती पोरगी रडकुंडीला आली, "सॉरी काकू, सॉरी, खूप लागलं का?" मी सांगायचा प्रयत्न करत होते की मी रडत नाहीये, आणि बाहेर येत होतं "हं हं हं". काका पुढे येऊन गंभीरपणे म्हणाले, "सर, या अश्रूंमागचं शास्त्र काय?"

माउथगार्ड काढून मी पहिलं वाक्य बोलले ते, "राउंड संपला का?" सर म्हणाले, चाळीस सेकंद राहिलेत. मी पुन्हा तोंडात रबर घातलं. त्या चाळीस सेकंदांत मी तिला एक लाथ मारली, बरगडीच्या खाली, टाच वळवून, नडगीनं. तिनं ग्लोव्ह वर करून दाद दिली. मी सॉरी म्हटलं नाही. म्हणता येतच नव्हतं.

आता माझ्याबद्दल सोसायटीत जे समज आहेत ते दूर करते. या क्लासनं मी कोणाला लोळवू शकत नाही. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं होतं, रस्त्यात कोणी मंगळसूत्र ओढलं तर कोणती किक मारायची? सर म्हणाले, "कोणतीच नाही. ओरडायचं आणि पळायचं. दोन राउंड दमानं पळता यावं म्हणून तर हे सगळं." आकडा पुढच्या रिपोर्टात 5.8 आला. डॉक्टरबाई खूश झाल्या, मीही झाले, पण त्याचं श्रेय टेकडीखालची इडली बंद झाल्याला किती आणि किकला किती, ते मला विचारू नका. काकांना विचारा, ते शास्त्र शोधतायत.

तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर या, बॅचमध्ये जागा असते. जानेवारीत नसते, फेब्रुवारीत पुन्हा असते. चाळिशी उलटली असेल तर गुडघे आणि रक्तदाब आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि दुखतंय ते सरांना पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका. नखं कापून, अंगठ्या-बांगड्या काढून या. जेवून दोन तास तरी झालेले असू द्यात. ग्लोव्ह्ज सुरुवातीला क्लासचे चालतील, रॅप्स मात्र स्वतःचे घ्या. आणि ते दर वेळी घरी नेऊन धुवा. नऊ मीटर आहेत, वाळत घालायला दोरी पुरत नाही, मान्य आहे. तरी धुवा.